बेवडा दगड आणि डावखुरी देवी

रोमन साम्राज्यातल्या अक्विलेया शहराच्या चौकात त्या सकाळी एवढी गर्दी होती, की मासे विकणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊनच उभ्या होत्या. खाली ठेवल्या असत्या तर कुणाचा तरी पाय नक्की माशांत गेला असता. न्हाव्यांनी दुकानं बंद केली होती. एक गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून पळत आलं होतं आणि त्याला त्याची शुद्धही नव्हती.

गर्दीच्या मधोमध तिवईवर चांदीचं घंगाळ होतं, आणि घंगाळामागे नेफेरोस बुवा.

बुवांचं डोकं तुळतुळीत होतं, अंगावर पांढरं शुभ्र तागाचं वस्त्र, डोळ्यांत कानापर्यंत ओढलेलं काजळ. उजव्या हाताच्या बोटात अक्रोडाएवढी सोन्याची अंगठी, आणि अंगठीत एक पांढरा, मठ्ठ, ताकाच्या थेंबासारखा दगड.

"बालकांनो!" बुवा गरजले. "ही अंगठी मी घडवलेली नाही. माझ्या गुरूंनी घडवलेली नाही. कुणीच घडवलेली नाही! नीलमातेच्या सातव्या मुखाशी मी एका पायावर उभा असताना एक मगर वर आली आणि तिनं ही माझ्या ओंजळीत ओकली!"

"आहाहा!" गर्दीनं दाद दिली.

"मगरीनं कडांना पॉलिश मात्र चांगलं केलंय," अल्बुसिया म्हणाली.

"अगं, हळू बोल!" तिचा नवरा ट्रोफिमस घाबरून कुजबुजला. "मगर ऐकेल."

"इथं? इजिप्तातून?"

"देवाची मगर आहे ती. तिला कुठूनही ऐकू येतं."

अल्बुसियानं कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं ती याच माणसाबरोबर दागिन्यांचं दुकान चालवत होती. ती खड्यांवर चित्रं कोरायची, तो ते खडे सोन्यात बसवायचा. शहरातल्या निम्म्या अंगठ्यांवरचे देव तिच्या हातचे होते. त्यामुळे देव हा विषय निघाला की तिला आधी हातोटी दिसायची, मग देव. ट्रोफिमसचं नेमकं उलटं होतं. त्याला कुठंही देव दिसायचा. मागच्या साली तर त्याला वांग्याएवढ्या मुळ्यात मर्क्युरी दिसला होता, आणि तो मुळा त्यांनी शेवटपर्यंत खाल्ला नव्हता. सडला तेव्हा साग्रसंगीत पुरला.

"या अंगठीत सत्याची देवी झोपलेली आहे," बुवा पुढे सांगत होते. "खऱ्या माणसाच्या हाकेला ती उठते, दगडातून दर्शन देते. खोटारड्यासमोर ती कूस बदलून पुन्हा झोपते! कोण येतंय पुढे?"

वोकोनियस पाववाल्याला त्याच्या बायकोनं मागून ढकललं.

"बोल, बालका. पावाच्या पिठात वाटाण्याचं पीठ मिसळतोस?"

"नाही हो बुवा. आईशप्पथ नाही."

बुवांनी अंगठी घंगाळातल्या पाण्यात बुडवली आणि डोळे मिटले. "हे मगरमित्रे, मांजरमाते, ये!" एवढं म्हणून अंगठी बाहेर काढली, पुसली, उंच धरली. दगड पांढराच्या पांढरा.

"खोटारडा!" गर्दी ओरडली.

वोकोनियसनं हात जोडले. "अहो, चिमूटभर! चिमूटभरच टाकतो! लग्नसराईत मूठभर!"

मग तर जल्लोषच झाला. त्याच्यामागून एक खलाशी आला, आपलं मन बायकोशिवाय कुणावर गेलेलं नाही म्हणाला. पांढरा दगड. एक भाजीवाली आली, शेजारणीचा बोका मी विहिरीत टाकला नाही म्हणाली. पांढरा दगड. बोक्याची मालकीण तिथंच तिच्या झिंज्या उपटायला लागली आणि दोघींना वेगळं करायला चार माणसं लागली.

शेवटी आला लाबेओ, तेलाचा व्यापारी. त्याच्या तेलात काय काय असतं हे दिवा लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दिव्याखाली बसलं की डोळ्यांतून धार लागायची. आज मात्र त्याचा हात बुवांच्या खांद्यावर होता आणि कालच त्यानं बुवांना घरी जेवायला बोलावलं होतं.

"माझं तेल शुद्ध आहे," लाबेओ म्हणाला.

बुवांनी अंगठी पाण्यात ठेवली आणि सुरू झाले. "हे नीलतटनिवासिनी, कमलदलविहारिणी, पाणघोडानंददायिनी, मेम्फिसपुरीच्या महाराणी..." नील नदीवरचं एकेक गाव, एकेक घाट, प्रत्येक घाटावरची प्रत्येक मगर नावानिशी येऊन गेली. लोकांनी ताल धरला. कोणी डोलू लागलं. आणि अखेर बुवांनी अंगठी वर काढली, तेव्हा पहिल्या रांगेतून किंकाळी उठली. दगड काचेसारखा नितळ झाला होता आणि आत, लालबुंद प्रकाशात, हातात सुकाणू धरून देवी उभी होती!

"दिसली! दिसली!" ट्रोफिमसनं गुडघे टेकले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

अल्बुसियानं मान पुढे काढून बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग ती एवढंच म्हणाली, "डावखुरी आहे."

"देवी आता थकली," बुवांनी अंगठी झटकन रेशमी पिशवीत टाकली. "आता तिला उद्या सकाळपर्यंत उठवायचं नाही."

गर्दी पांगणार, तेवढ्यात एक पालखी पुढे आली. तीत रुटिलियाबाईसाहेब बसल्या होत्या, नगराधिकाऱ्यांच्या पत्नी. त्यांच्या डोक्यावर कुरळ्या केसांचा मनोरा होता. निम्मे केस त्यांचे, निम्मे जर्मन बायकांचे, विकत आणलेले.

"बुवा," त्या म्हणाल्या, "माझी गोमेदाची अंगठी पाच दिवस झाले गायब आहे. माझी केस विंचरणारी दासी म्हणते, तिनं घेतली नाही. उद्या मी तिला आणते. खोटी ठरली तर परवाच्या परवा पिठाच्या गिरणीला विकून टाकणार."

गिरणीत माणसं जात्याला जुंपतात. तिथं गेलेले दासदासी फार वर्षं जगत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"देवी दूध का दूध, पानी का पानी करेल," बुवा म्हणाले आणि पालखीतून आलेली थैली त्यांनी न बघता वस्त्रात सारली.

*

दुपारी क्रोकाले दुकानात आली ती रडतच. एकवीस-बावीस वर्षांची पोर. रुटिलियाबाईंच्या दागिन्यांची मोडतोड दुरुस्तीला तीच घेऊन यायची आणि अल्बुसियाकडे मसुराची आमटी पिऊन जायची.

"मावशी, मी नाही हो घेतली! त्या दिवशी त्या आरशासमोर बसल्या होत्या, बोटं सुजली म्हणून अंगठी काढून हातात धरली होती. मी वरचे कुरळे बसवत होते. मग त्यांनी स्वतःच वर हात नेला, 'इथं टोचतंय' म्हणाल्या, आणि नंतर अंगठी नाहीच!"

"मग उद्या देवीला खरं सांग," ट्रोफिमस समजुतीनं म्हणाला. "खऱ्याला भीती कसली? देवी उठेल."

"अहो," अल्बुसिया म्हणाली, "आज स्तोत्र केवढं झालं, मोजलंत?"

"स्तोत्र कुणी मोजतं का?"

"मी मोजते." खरंच होतं ते. कोरण्याच्या सामत्याची, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटाची, ओढ मोजायची तिला तीस वर्षांची सवय. शंभर ओढी झाल्या की डोळे मिटून विश्रांती. आता तर ती जिना चढतानाही मोजायची, नवरा घोरतानाही. "वोकोनियसच्या वेळी सात. खलाशाच्या वेळी सहा. भाजीवालीला आठ. आणि लाबेओला तीनशे नव्वद."

"बरं मग?"

"मग काही नाही. ती मागची पेटी काढा, टाकाऊ खड्यांची."

पेटीच्या तळाशी, तुटक्या अंबराच्या मण्यांखाली, एका फडक्यात चार-पाच पांढरे तुकडे होते. उत्तरेकडून अंबर घेऊन येणारे व्यापारी असले दगड कधीतरी फुकट देऊन जायचे. कोरायला निरुपयोगी, धुतले की रंग बदलतात, वाळले की पुन्हा फटफटीत. कारखान्यात त्यांना 'बेवडा' म्हणायचे. समोर येईल ते पितो म्हणून.

अल्बुसियानं त्यातला पातळ तुकडा वाटीतल्या पाण्यात टाकला. "मोजा."

"एक, दोन, तीन..." ट्रोफिमस मोजू लागला. क्रोकालेनं डोळे पुसले. दहाला दगड पांढरा. पन्नासला पांढरा. शंभरला कडा किंचित काळवंडल्यासारख्या झाल्या. दोनशेला मधे ढगाळ. साडेतीनशेला वाटीत दगड होता की नव्हता हेच कळेना. तळाचं नक्षीकाम आरपार दिसत होतं.

ट्रोफिमसचं तोंड उघडंच राहिलं.

"त्याला पाणी प्यायला वेळ लागतो," अल्बुसिया म्हणाली. "स्तोत्र आखूड, तर दगड पांढरा. स्तोत्र लांब, तर दगड काच. आणि एकदा भिजला की वाळायला दुपार जाते. म्हणून सगळे खोटारडे आधी आणि खरा माणूस सगळ्यात शेवटी. मग देवी थकते!"

"पण... पण देवी? आत देवी होती की गं! मी बघितली."

"दगडाखाली दुसरा खडा बसवलाय, लाल अकीक. त्यावर कोरलेली आहे ती." अल्बुसिया थांबली. "अहो, सुकाणू कुठल्या हातात होतं?"

"डाव्या."

"ती सत्याची देवी नाहीच, भाग्यदेवी आहे. तिचं सुकाणू उजव्या हातात असतं. कधी डाव्या हातात दिसतं?"

ट्रोफिमस सराफ होता. इतकं त्याला सांगायला नको होतं. "शिक्क्याच्या खड्यात," तो बारीक आवाजात म्हणाला. "उलटं कोरतो आपण. मेणावर सुलटं उठावं म्हणून."

"आणि नाक कसं होतं?"

त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. मग त्याचे कान लाल झाले.

"तुटकं," तो म्हणाला.

"ते मी तोडलंय. आठ वर्षांपूर्वी, सुरी निसटली होती. तुम्ही तो खडा टाकाऊच्या परडीत ठेवला होता. कुणाला विकलात?"

"मागच्या जत्रेत... एक माणूस होता. केस होते त्याला, चांगले दाट. दोन सुक्या बांगडा-माशांच्या भावात घेऊन गेला." ट्रोफिमस एकदम उठून उभा राहिला. "म्हणजे मी आज ज्याला साष्टांग घातलं ते... ते आपलंच बिघडलेलं काम?"

"हो."

"दोन बांगड्यांचं?"

"दोन सुक्या बांगड्यांचं."

त्याचा अपमान एवढा खोल गेला, की तो भक्तापासून शत्रू व्हायला क्षण लागला नाही. "मला सोनं दे," तो गुरगुरला. "आणि एक तुकडा बेवड्याचा. उद्या आपणही एक अंगठी नेऊ. पण कोंदण नीट होईल हं! लोक बघणार आहेत. घाईघाईचं काम मी करणार नाही."

"देवी कोणती कोरू?" अल्बुसियानं विचारलं.

क्रोकाले पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. "गाढव कोरा, मावशी."

*

दुसऱ्या दिवशी चौकात आदल्या दिवसाहून जास्त गर्दी. भाजीवाली आणि बोक्याची मालकीण दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. भांडण मिटलं होतं, आता दोघी मिळून क्रोकालेकडे बघत होत्या.

बुवांनी अंगठी वर धरली. "बोल, बालिके. घेतलीस अंगठी?"

"नाही घेतली," क्रोकाले म्हणाली.

बुवांनी हात घंगाळाकडे नेला, तोच अल्बुसिया पुढे झाली. "बुवा, एक विनंती. काल लाबेओला म्हटलंत तेवढंच मोठं स्तोत्र म्हणा."

"स्तोत्राची लांबी देवी ठरवते!"

"मग आम्ही म्हणतो. सगळ्या चौकाला पाठ झालंय ते."

"पाप!" बुवांनी अंगठी मुठीत झाकली. "दीक्षेशिवाय हे स्तोत्र म्हणणाऱ्याच्या जिभेला बेडकासारखी शेपूट फुटते!"

"बेडकाला शेपूट नसते," गर्दीतून एक आवाज आला.

"म्हणूनच तर आश्चर्य!" बुवा म्हणाले, पण लोक खुदखुदले, आणि तेवढी फट अल्बुसियाला पुरेशी होती. तिनं आपल्या हातातली अंगठी वर धरली. नवी कोरी, सोन्याची, पांढरा मठ्ठ दगड.

"ही अंगठी मगरीनं ओकलेली नाही. काल संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं केली."

"कोंदण बघा, कोंदण!" ट्रोफिमस मागून ओरडला.

"हीही खरंखोटं सांगते. क्रोकाले, इकडे ये. तुला हात किती?"

"दोन, मावशी."

"सगळ्यांना दिसतंय? दोन." अल्बुसियानं अंगठी घंगाळात बुडवली, "हे मगरमित्रे, ये!" म्हणून लगेच काढली. पांढरी. "बघा. देवी म्हणते, खोटं. मुलीला दोन हात नाहीत."

लोक गोंधळून एकमेकांकडे बघू लागले.

"आता अहो, तुम्ही या. सांगा, आयुष्यात दारूला शिवलात?"

ट्रोफिमस छाती काढून पुढे आला. "कधीच नाही! वासही माहीत नाही!"

चौक फुटला. पलीकडच्या गुत्त्याचा मालक तर भिंतीला टेकून हसायला लागला. ट्रोफिमसचं नाव त्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं, खाली एकापुढे एक अशा उभ्या रेघांसह.

"आता म्हणा स्तोत्र, मोठं!"

आणि सबंध चौकानं म्हटलं. पाणघोडे आले, घाट आले, मगरी आल्या, काहींनी दोन-चार स्थानिक घाट आणि आपल्या सासवांची नावंही मगरींमध्ये घुसडली. बुवा मधेच तिवई उचलायला लागले, पण पाववाल्या वोकोनियसनं त्यावर आपला भला मोठा हात ठेवला. अल्बुसियाचे ओठ हलत होते. ती मोजत होती. चारशेला तिनं अंगठी वर काढली.

दगड नितळ झाला होता. आत, लाल प्रकाशात, दात विचकून एक गाढव उभं होतं.

हशा असा उसळला, की चौकातली कबुतरं एकदम उडाली.

"माझा नवरा निर्व्यसनी आहे, गाढवानं साक्ष दिली!" अल्बुसियानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. दगड पाणी पितो, प्यायला वेळ लागतो, तो वेळ बुवा स्तोत्रानं मोजतो. जो जेवायला बोलावतो त्याचं स्तोत्र लांब. मग तिनं बुवांचा हात धरून अंगठी उन्हात फिरवली, आणि ट्रोफिमसनं टाचणीनं कोंदण उचकटलं. पांढरा तुकडा पडला. खाली लाल अकीक, डावखुरी देवी, तुटकं नाक.

"हे काम आमचं आहे!" ट्रोफिमस गरजला. "बिघडलेलं!" मग त्याला वाटलं, गिऱ्हाइकांसमोर हे बोलायला नको होतं. "म्हणजे, आमच्याकडे सहसा बिघडत नाही."

"पण वोकोनियसनं तर खरंच पीठ मिसळलं होतं!" कुणीतरी ओरडलं. "दगडाला कसं कळलं?"

"दगडाला नाही कळलं. तुम्ही सगळे ओरडलात आणि तो घाबरला. कुठल्याही पाववाल्याला चौकात उभं करून खोटारडा म्हणा, काहीतरी कबूल करेलच."

"खरंय," वोकोनियस खिन्नपणे म्हणाला. "मी तर अजून एक-दोन गोष्टी कबूल करणार होतो."

रुटिलियाबाई पालखीतून उतरल्या होत्या. चेहरा तांबडा झाला होता. "असेल, बुवा भोंदू असेल! पण माझी अंगठी कुठंय?"

"बाईसाहेब," अल्बुसियानं विचारलं, "इतके दिवस तुमचे केस कोण विंचरतंय?"

"कुणी नाही! या चोरटीला मी हात लावू देईन? तसेच ठेवलेत."

"आणि डोक्यात टोचतंय का?"

रुटिलियाबाईंचा हात नकळत वर गेला, आणि हस्तिदंती काडीनं त्या ज्या जागी खाजवू लागल्या, त्या जागेकडे सबंध चौक बघू लागला.

"क्रोकाले," अल्बुसिया म्हणाली, "सोड."

क्रोकालेनं एक पिन काढली, मग दुसरी, मग दहावी. मनोरा ढासळला. जर्मन केसांचा एक कुरळा गुंता दगडी फरशीवर पडला, आणि त्यातून टण्ण आवाज करत एक अंगठी घरंगळत जाऊन वोकोनियसच्या पायाशी थांबली. गोमेद, त्यावर माशावर बसलेला छोटा मदन. अल्बुसियाच्याच हातचा.

बाईसाहेबांनी माफी मागितली नाही. त्या वर्गातल्या बायका दासीची माफी मागत नाहीत. त्यांनी अंगठी बोटात घातली, उरलेला मनोरा हातानं धरला आणि पालखीत बसल्या. पण गिरणीचं नाव पुन्हा निघालं नाही. क्रोकाले दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि पुढचा महिनाभर तिनं बाईसाहेबांच्या डोक्यात पिना जरा जोरात खोचल्या. तेवढा हक्क तिनं घेतलाच.

या सगळ्या गडबडीत बुवा नदीवरच्या धक्क्याकडे पळाले होते. खलाशानं त्यांना अडवलं. आदल्या दिवसापासून बायको त्याला घरात घेत नव्हती. बुवांना बंदराच्या पहारेकऱ्यांच्या हवाली करण्यात आलं, तेव्हा कळलं की ते इजिप्तचे नव्हते, शेजारच्याच एका खेड्यातले होते आणि मगर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

लोक मात्र लगेच पांगले नाहीत. काहीजण हिरमुसलेही होते. एक म्हातारी अल्बुसियाला म्हणाली, "बाई, किती छान वाटत होतं गं ते. तू घालवलंस."

अल्बुसियाला तिचा राग आला नाही. ती तिवईशेजारी पायरीवर बसली. "आजी, दगड छान आहेच. पाणी पिऊन काच होणारा दगड, यापेक्षा आणखी काय आश्चर्य हवं? माझ्याकडे या, हवा तेवढा वेळ बघा, पैसे नाही लागत. पण त्याच्या सांगण्यावरून एक पोर जात्याला जुंपली जाणार होती, आणि आपण सगळे डोलत होतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी मोजलं आणि गप्प घरी गेले. तेव्हाच बोलायला हवं होतं."

मग ती जमलेल्यांकडे वळली. तिनं जे सांगितलं त्यात काही मोठं शहाणपण नव्हतं, पण अक्विलेयातली माणसं पुढे बरीच वर्षं ते मुलांना सांगत राहिली. ती म्हणाली, "चमत्कार दाखवणाऱ्याच्या हाताकडे बघू नका, तो काय मोजतोय ते बघा. एकदा झालं ते पुन्हा करायला लावा, आणि आपल्या हातांनी करून बघा. ज्याचा तो धंदा आहे त्याला विचारा. आणि कुणाच्या जिवाचा निवाडा दगडावर सोपवायची वेळ आली, तर आधी त्या दगडाला सगळ्यांना माहीत असलेलं एक खोटं सांगा. तो त्यालाही हो म्हणाला, तर घरी जा आणि डोकं वापरा."